मेन तू बंद केला होतास

मिलिंद, मेन बंद होता. हे तुला माहीत होतं आणि मला माहीत आहे. बाकी अख्ख्या चाळीला वाटतंय की तू चालू लायनीत हात घातलास.

"इतका जुना वायरमन, असा कसा विसरला?" हे मी इतक्या जणांच्या तोंडून ऐकलंय की आता समोरच्याने घसा खाकरला तरी पुढचं वाक्य मला कळतं. कोणी हळू आवाजात म्हणतं, कोणी चहा पिता पिता म्हणतं. "पट्टीचे पोहणारेच बुडतात, वहिनी," असं म्हणून खालच्या मजल्यावरचे काका माझं सांत्वन करून गेले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. तरी मी त्यांच्यापुढे बिस्किटांची बशी सरकवली आणि गप्प बसले. तुझा विश्वास बसणार नाही, पण बसले. नायगावची लाईट जाईल पण शोभाचं तोंड बंद पडायचं नाही, असं तूच सगळीकडे सांगत फिरायचास ना?

आणि ते तोंड मला लावलं कोणी? तुझ्या धंद्यानेच. तू शिडीवर, दोन्ही हात वर, फोन घेणार कोण? म्हणून धंद्याचा फोन घरी माझ्याकडे. दादर, परळ, लालबाग, कुठूनही असो, ज्याला मिलिंद वायरमन पाहिजे त्याला आधी माझ्याशी बोलावं लागायचं. "वहिनी, दादांना पाठवा ना लवकर, अर्ध्या घरात अंधार आहे." मग माझी चौकशी सुरू. जळका वास येतोय का? शेजारच्यांची लाईट आहे का? फ्रिजला हात लावला की झिणझिण्या येतात का? तुझ्यासोबत राहून एवढं तर मला कळायला लागलं होतं की कोणाला संध्याकाळपर्यंत थांबवायचं आणि कोणासाठी तुला जेवणावरून उठवायचं. वरळी कोळीवाड्यातल्या त्या बाईचा फोन आठवतोय? बल्ब एकदम भगभगीत झालेत, टीव्हीतून धूर निघतोय, आणि ती फोनवर नुसती रडतेय. मी म्हटलं, "बाई, आधी मेन खाली करा, मग रडा." तू पोचलास तेव्हा तिनं तुला विचारलं, मिसेस पण इलेक्ट्रिशियन आहेत का? ते तू महिनाभर ज्याला त्याला सांगत होतास. मला म्हणालास, "चल, तुला पण लायसन्स काढून देतो." मी लाटणं दाखवलं. आज वाटतं, हसून हो म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं.

भांडलो तर आपण रोजच. पण खरं भांडण एकच होतं, आणि ते कधी मिटलं नाही. तू लोकांच्या चुका पोटात घालायचास.

लालबागच्या त्या सुनेचं सांगते. तिनं बल्बच्या होल्डरमधून लाईन घेऊन इस्त्री लावली होती. होल्डर वितळला, वायर काळी पडली, घरभर वास. तू गेलास तेव्हा सासू कमरेवर हात ठेवून उभीच. "बघा हो, काय करून ठेवलं हिनं." आणि तू शांतपणे म्हणालास, "हिनं काय नाय केलं, आजी. वायर जुनी झाली होती." मग निघताना दाराशी त्या पोरीला हळूच सांगितलंस, इस्त्रीला मोठा प्लग लागतो, परत असं करू नको.

घरी येऊन हे तू मला कौतुकाने सांगितलंस. मी म्हटलं, "खोटारडा आहेस नुसता. चूक तिची, नाव वायरीचं."

"वायर काय उठून भांडायला येणार आहे का माझ्याशी?"

"आणि उद्या तिनं परत तेच केलं तर?"

"ती आता जन्मात होल्डरला इस्त्री लावणार नाय. आणि सासूला आयुष्यभर बोलायला पण काय मिळालं नाय. झालं ना काम?"

मी म्हणायची, तुझ्या हातच्या वायरी वर्षभरात जुन्या होतात अशी बोंब होईल एक दिवस. तुझंच नाव खराब होईल. तू म्हणायचास, "नाव लायसन्सवर छापलंय, ते कुठे जातंय?" आणि कूस बदलून झोपायचास. मला उत्तर सुचायचं ते तू घोरायला लागल्यावर.

आता तुला इंदूमावशीचं सांगायला हवं. म्हणजे इंदूमावशी कोण हे मी तुला काय सांगणार? तुझी आई परळच्या हॉस्पिटलात आया होती, डबल ड्युटी लागली की तू मावशीच्या घरी जेवायचास. आपल्या दोन घरांच्या मध्ये तीन दारं, पण तिच्या हातची तिरफळं घातलेली कढी खाऊनच तू मोठा झालास. तिचा स्वतःचा मुलगा विरारला गेला तो गणपतीपुरता येतो. तू रोजचा. तिच्या गणपतीची लाईटिंग तू करायचास, आणि चौदा एप्रिलला आपल्या निळ्या तोरणाचं एक टोक तिच्या खिडकीला बांधलेलं असायचं. "मेल्या, दोन दिवस तोंड दाखवलं नायस," असं ती तुला पॅसेजमध्ये ओरडायची. सख्ख्या आईने कधी एवढ्या हक्काने झापलं नसेल तुला.

जिन्याजवळच्या बोर्डावर पूर्वी चिनीमातीचे फ्यूज होते. काम करताना तू ज्याचा त्याचा फ्यूज उपटून शर्टाच्या खिशात टाकायचास. खिसा फाटायचा, मी शिवायची, परत फाटायचा. पण फ्यूज तुझ्या खिशात म्हटल्यावर लाईन चालू करायची कोणाची बिशाद? मग लोक त्या फ्यूजमध्ये जाडजाड तारा गुंडाळायला लागले, बोर्ड तापायला लागला, म्हणून तू मजल्यावरच्या प्रत्येक घराच्या मेनला दांडीचा एमसीबी बसवलास. आणि बसवून झाल्यावर शाळा घेतलीस. म्हाताऱ्यांना रांगेत उभं करून दाखवलंस, "हे बघा, घाबरायचं नाय. दांडी खाली पडली की एकदा वर करायची. परत पडली तर मला बोलवायचं." इंदूमावशीचा हात धरून तिच्याकडून करून घेतलंस. ती दोन बोटांनी दांडी वर करून लहान पोरीसारखी हसली होती.

तिथूनच आपल्या मजल्याला ती सवय लागली. जिना चढून येणारा प्रत्येक जण बोर्डाकडे एक नजर टाकणार. कोणाची दांडी खाली दिसली तर वर करणार आणि जाता जाता ओरडणार, "केली रे वर." लोक कामावर गेलेले असतात, फ्रिजमधलं दूध नासू नये, मासळी खराब होऊ नये, एवढंच. शेजारधर्म. तुला त्याचं भारी कौतुक. मी म्हटलं होतं, सगळ्या चाळीला वायरमन करून ठेवलंस, एक दिवस गोंधळ होईल. पण ते मी आपलं बोलायचं म्हणून बोलले होते. खरंच होईल असं मला वाटलं असतं तर मी बोर्डासमोर खुर्ची टाकून बसले असते.

तुला मात्र काळजी होती. काम करताना कोणी दांडी वर करू नये म्हणून तू तिच्यावर काळ्या टेपची पट्टी आडवी लावायला लागलास. आणि घरोघर सांगत फिरलास, ईएलसीबी बसवून घ्या, माणसाला शॉक बसला तर लाईन स्वतःहून तोडते. कोणी बसवली? "आता कशाला मिलिंद, चाळ पाडून टॉवर होणारच आहे. नव्या घरात लावू." दर वर्षी टॉवर होणारच असतो आपला. कागदावर सह्या होतात, मीटिंगा होतात, आणि भिंतीतल्या वायरी आणखी एक वर्ष तशाच राहतात. आपल्या घरात तू ती लावलीस. आपल्याच मजल्यावरच्या नीताच्या घरात नव्हती.

त्या दुपारी तू दादरचं काम उरकून आलास, शर्ट काढून खुंटीला लावलास, आणि दारात नीता. मोरीजवळचा प्लग जळतोय, चर्र आवाज येतोय. तू तिला म्हणालास, "बटण बंद ठेव, जेवून येतो." आणि मी म्हटलं, "आधी जाऊन ये, तिचं रांगतं पोर आहे घरात, जेवण कुठे पळून जातंय?" आयुष्यभर तुला जेवणावरून उठवणाऱ्यांना मी शिव्या घातल्या. त्या दिवशी मीच उठवलं. तू शर्ट चढवलास. बटणं उलटीसुलटी लावली होतीस, ते मी पाहिलं आणि सांगायचं राहिलं.

मी दाराशी बसून तांदूळ निवडत होते. इंदूमावशी जिना चढून आली. एका हातात मासळीची पिशवी, दम लागलेला. बोर्डापाशी थांबली, दुसऱ्या हाताने काहीतरी केलं, आणि नेहमीसारखी "केली गो वर" म्हणून आपल्या घरात शिरली. मी बघितलं, मिलिंद. रोज बघायची तसं बघितलं. कोणाची दांडी, का खाली होती, माझ्या डोक्यात काही म्हणजे काही आलं नाही. मी खडा वेचला आणि परत ताटात बघायला लागले. मग नीताची किंकाळी आली.

हॉस्पिटलात अशोक धावत आला. परळचा तुझा अशोक, सोबत काम करणारा. त्यानं पहिलं विचारलं, "वहिनी, मेन बंद नव्हता का?" आणि तिथे त्या बाकावर बसल्या बसल्या मला मावशीचा हात दिसला. मी अशोकला म्हटलं, मला काही सुचत नाहीये. ते खोटं नव्हतं.

नंतर मला कोणी विचारलंच नाही. नीता सांगते ती स्वयंपाकात होती. मावशी घरात मासे साफ करत होती. तू कुठली दांडी खाली केली होतीस, केली होतीस की नाही, हे सांगणारा तूच होतास. मग लोकांनी आपापलं ठरवलं. दोन दिवसांनी पॅसेज झाडताना बोर्डाखाली काळ्या टेपची पट्टी केरसुणीला चिकटून आली. म्हणजे तू लावली होतीस. दमट हवेत आपोआप निघाली की कोणी ओढून काढली, मला माहीत नाही. आणि ते मी कोणाला विचारणार नाही.

मावशी रोज दुपारी यायची. पेज घेऊन यायची, मला चमच्याने भरवायची. या वयात, गुडघे दुखत असताना. एके दिवशी पेजेचं भांडं मांडीवर ठेवून म्हणाली, "शोभा, झाला काय गो नक्की? तो एवढा सांभाळून करणारा. माझ्या घरात साधा बल्ब बदलायचा तरी दांडी खाली करून यायचा. मग?"

तिच्या तोंडाकडे बघितलं. मला तुझा राग आला, तिचा आला, त्या बोर्डाचा आला. जिभेवर आलं होतं, मावशी, तुम्हीच. आणि तोंडातून निघालं, "वायर जुनी झाली होती, मावशी."

"मेली वायर," असं म्हणून ती रडली. मी पण रडले. तुझं खोटं माझ्या तोंडून इतकं सहज निघालं की मला माझीच लाज वाटली, आणि खरं सांगते, जरा बरंही वाटलं. तू लोकांना हे का द्यायचास ते मला इतक्या वर्षांनी त्या पेजेच्या भांड्याशी कळलं. तुझ्याशी त्यावरून किती भांडले मी. थोडं कमी भांडायला हवं होतं.

पण एक गोष्ट तू मला कधी सांगितली नव्हतीस. वायरीवर ढकललेला दोष वायर ऐकून घेते. इथे वायरीवर भागत नाही. वायर जुनी असली तरी मेन का चालू होता, हा प्रश्न राहतोच. मावशीला वाचवायचं तर कोणाच्या तरी माथी मारायला लागणार. मग वायरीच्या जागी तू. आणि तूही उठून भांडायला येणार नाहीस.

प्रज्ञा ऑफिसातून येते ती धुमसतच. कोणीतरी तिला सांगितलं, तुझे बाबा चांगले होते गं, पण त्या दिवशी निष्काळजीपणा झाला. तिनं मला विचारलं, "आई, बाबा चुकले होते का?"

"नाही."

"मग सांगत का नाहीस लोकांना? मग चुकलं कोण?"

मी म्हटलं, जेवून घे. आपली लेक तुझ्यासारखीच. जेवली नाही, पण परत विचारलंही नाही. तुझ्या नावासाठी आपल्या पोरीला एक वाक्य हवंय माझ्याकडून, आणि ते वाक्य सरळ तीन दारं पलीकडे जाऊन त्या म्हातारीला जिवंतपणी मारेल. तू काय केलं असतंस? मला ठाऊक आहे तू काय केलं असतंस, म्हणून तर जास्त राग येतो. तू स्वतःचं नाव देऊन मोकळा झाला असतास. पण ते तुझं होतं, देणं तुला शोभलं असतं. मी तुझं नाव परस्पर कसं देऊन टाकू?

हे ठरत नव्हतं तोवर पुण्यानुमोदनाचा दिवस आला. चाळीच्या पटांगणात सतरंज्या अंथरल्या. तुझा फोटो बाबासाहेबांच्या आणि बुद्धाच्या फोटोच्या खालच्या पायरीवर. त्रिसरण, पंचशील झालं. मग लोक एकेक करून दोन शब्द बोलायला उठले. चांगलं बोलले रे तुझ्याबद्दल. कोणाच्या लग्नात अचानक लाईट गेली तेव्हा तू हजर, कोणाच्या म्हाताऱ्याचं ऑक्सिजनचं मशीन तू चालू करून दिलंस. मी आणि मावशी पहिल्या रांगेत, तिचा हात माझ्या हातात.

शेवटी अशोक उठला. तो म्हणाला, "मिलिंदने मला हे काम शिकवलं. त्यानंच मला शिकवलं होतं की मेन बंद केल्याशिवाय हात घालायचा नाही. आणि शेवटी तोच विसरला. इथे धंद्यातली जी पोरं आहेत त्यांनी हे लक्षात ठेवा. मिलिंदसारखा माणूस एका चुकीने जातो."

त्याच्या मनात पाप नव्हतं. तो रडत होता. माना हलल्या. प्रज्ञाने माझ्याकडे बघितलं. मला उठायचं होतं, मिलिंद. पण माझ्या हातात तो म्हातारा हात होता, आणि मी बसून राहिले. गप्प बसणं म्हणजे तुझं ऐकणं, असं मी स्वतःला सांगत होते.

तेवढ्यात तो हात माझ्या हातातून सुटला. मावशी गुडघ्यावर हात देऊन उभी राहिली. तिला कोणी बोलायला सांगितलं नव्हतं. पदर खोचला आणि अशोकवर कडाडली, "काय बोलतंस तू? तोंड सांभाळ. माझ्या पोराने मेन बंद केला होता. माझ्या डोळ्यांनी बघितलंय मी. नीताची दांडी खाली होती. मी माशे घेऊन आले तेव्हा खाली होती. मीच तर ती..."

आणि हात वर गेला तिचा. दोन बोटं. हवेत तशीच राहिली.

लोकांना वाटलं, म्हातारीला गहिवरून आलं. कोणीतरी म्हणालं, "बसा मावशी, त्रास होईल." कोणी पाणी आणलं. तिनं पाण्याकडे बघितलं नाही, तुझ्या फोटोकडे बघितलं नाही. ती माझ्याकडे बघत होती. मी नुसतं "नाही मावशी" म्हटलं असतं तरी पुरलं असतं. माझ्याच्याने मान वर झाली नाही. आणि तिला उत्तर मिळालं.

त्या दिवसापासून तिचं दार लावलेलं आहे. मी पेज नेते, ती दार उघडते, भांडं घेते. विचारत काही नाही. मी रोज ठरवून जाते की आज तिला जवळ घ्यायचं आणि सांगायचं की तुमचा काही दोष नाही, तुम्ही आमचंच शिकवलेलं केलंत. रोज रिकामी परत येते. उद्या परत जाईन.

तुझं नाव वाचवू की तिला वाचवू, यात मी इतके दिवस घालवले, आणि दोन्ही राहिलं. तुझ्यासाठी त्या सभेत एकच बाई उठून उभी राहिली, मिलिंद, आणि ती मी नव्हते.